सिंकथिंग आणि व्हीएलसी: वर्षभर वापरून झाल्यावर

महिन्याला पैसे भरायची गाण्यांची ॲप माझ्याकडेही आहेत. पण गाडी कर्जत सोडून घाटात शिरली की बोगद्यागणिक त्यांची बोबडी वळते. शिवाय मला ऐकायचं असतं त्यातलं निम्मं तिथे नसतंच: घरगुती मैफलींची रेकॉर्डिंग, कॅसेटवरून उतरवलेली व्याख्यानं, लग्नामुंजींचे व्हिडिओ. हे सगळं लॅपटॉपवर. ते फोनवर आणायला सिंकथिंग आणि वाजवायला व्हीएलसी, अशी जोडी मी वापरतो. दोन्ही फुकट, जाहिराती नाहीत.

सिंकथिंगमध्ये फाइल कुणाच्या क्लाउडवर जाऊन पडत नाही, या यंत्रातून थेट त्या यंत्रात जाते. लॅपटॉपवरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन करायचा, फोल्डर निवडायचं, झालं. पुढे घरच्या वाय-फायला फोन लागला की नवीन असेल ते आपोआप येतं. एक मात्र पहिल्याच दिवशी करा: लॅपटॉपवर फोल्डर ‘सेंड ओन्ली’, फोनवर ‘रिसीव्ह ओन्ली’. नाहीतर जागा करायला फोनवरून उडवलेली मैफल लॅपटॉपवरूनही उडेल. मूळ अँड्रॉइड ॲपचं काम डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं, त्यामुळे आता त्याच्याच कोडवरून इतरांनी पुढे चालवलेलं ‘सिंकथिंग-फोर्क’ घ्यायचं.

डोकं खाल्लं ते एका व्याख्यानमालेने. बाकी सगळं यायचं, ही कायम ९९ टक्क्यांवर. शेवटी कळलं की फाइलचं नाव होतं ‘भाग ३: पुढे काय?’. माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबंटू ही लिनक्स प्रणाली आहे, त्याला नावातलं विसर्गासारखं चिन्ह आणि प्रश्नचिन्ह चालतं. अँड्रॉइडच्या स्टोरेजला चालत नाही. दोन्ही काढली आणि मिनिटभरात फाइल फोनवर.

दुसरा वैताग फोनचाच. बॅटरी वाचवण्याच्या नादात तो मागे चालणारं ॲप मारून टाकतो. सेटिंगमध्ये त्या ॲपपुरतं बॅटरीचं बंधन काढल्याशिवाय सिंकची आशा धरू नका. मी फक्त चार्जिंगला असतानाच सिंक ठेवलंय. रात्रीत काम होतं.

व्हीएलसी १९९६ साली पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालं, आणि अजूनही काहीही पुढ्यात टाका, वाजवतं. मला सगळ्यात आवडतं ते फोल्डरप्रमाणे ऐकता येणं, कारण टॅगची, म्हणजे फाइलीत नोंदलेल्या गाणं-गायकाच्या नावांची, आपल्याकडे बोंब असते. जुन्या मराठी फॉन्टांच्या काळातले टॅग युनिकोडमध्ये नाहीत, त्यामुळे भीमपलास रोमन अक्षरांच्या खिचडीत दिसतो. ते लॅपटॉपवर बसून दुरुस्त करावं लागतं, फोनवरच्या व्हीएलसीत सोय नाही. ब्लूटूथ स्पीकरवर ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो, तेव्हा ‘ऑडिओ डिले’ उणे २०० मिलिसेकंदांच्या आसपास नेलं की जुळतं. रटाळ व्याख्यान सव्वापट वेगाने ऐकायची सोय तर मी सोडणारच नाही.

खटकतं एकच. सीडीवरून उतरवलेला राग ट्रॅकमध्ये तोडलेला असेल, तर विलंबितातून द्रुतात जाताना बारीकसा खंड पडतो. नेमका समेवर पडला की चिडचिड होते. अशा फाइली मी लॅपटॉपवर जोडून एक करतो. तासाभराची फ्लॅक फाइल (आवाजाचा दर्जा न घटवता साठवणारा प्रकार) तीनेकशे एमबी होते, मेमरी कार्ड असेल तर हरकत नाही.

आयफोनवाल्यांसाठी सिंकथिंगचं अधिकृत ॲप नाही. त्यांनी व्हीएलसीतलं वाय-फाय शेअरिंग चालू करावं, तिथे दिसणारा पत्ता लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाकावा आणि फाइली ओढून सोडाव्यात. दर वेळी हाताने करावं लागतं, पण केबल लागत नाही.