एसएमपीएस बदलून आठ महिने झाले, तेव्हापासून गेममध्ये पीसी एकदाही बंद पडला नाही

कॉर्सेअरचा आरएम७५०ई हा नवा एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, लावून आता आठ महिने झाले. मध्ये नागपूरचा अख्खा उन्हाळा गेला, मे महिन्यात कूलर लावूनही पीसीजवळ बसवत नव्हतं, तरी मशीन चालू राहिलं. म्हणून आत्ता लिहितेय. पहिल्याच आठवड्यात लिहून उपयोग नव्हता, आधीचा एसएमपीएससुद्धा पहिली तीन वर्षं नीटच चालला होता.

मशीन २०२१ चं, रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड. तेव्हा कार्डांचे भाव काय होते ते आठवत असेलच, सगळे पैसे त्यात गेले आणि एसएमपीएस दुकानदाराने कॅबिनेटसोबत दिला तोच घेतला, ५५० वॅटचा.

मग गेल्या वर्षी सुरू झालं. गेम रंगात आला की खट् असा आवाज आणि स्क्रीन काळी, पंखे बंद, सगळं गप्प. ब्लू स्क्रीन नाही, एरर नाही. पॉवर बटण दाबलं तरी काही होत नाही, मागचा स्विच बंद करून मिनिटभर थांबलं की मग सुरू. हे असं थांबावं लागणं फार महत्त्वाचं आहे, एसएमपीएसचं प्रोटेक्शन (धोका जाणवला की आपोआप वीज तोडणारी सोय) ट्रिप झालं की बहुतेक वेळा असंच होतं, विंडोज किंवा ड्रायव्हरच्या भानगडीत असं सहसा होत नाही. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसायची, पण त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं. का पडलं ते त्यात नसतं.

दुकानात आधी फॉरमॅट मारायला सांगितलं, मारला. मग म्हणाले कार्ड गेलंय. एसएमपीएस तपासा म्हटलं तर मदरबोर्डला लागणाऱ्या २४ पिनच्या कनेक्टरमध्ये हिरवी आणि काळी वायर पेपरक्लिपने जोडून दाखवली, पंखा फिरला, "बघा मॅडम, ओके आहे." अहो पण त्याच्यावर लोड कुठे होता! पंखा फिरला म्हणजे सप्लाय चालू होतो एवढंच कळलं, तीनशे वॅट ओढले की काय होतं ते नाही.

घरी येऊन मीच बसले. रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवला, एकही एरर नाही. कार्डचं तापमान ७० च्या आत. कार्डवर पूर्ण ताण देणारा फरमार्क वीस मिनिटं चालवला तर काहीच झालं नाही आणि इथेच मी फसणार होते, वाटलं एसएमपीएस चांगलाच आहे. पण फरमार्कचा लोड एकसारखा असतो, गेममध्ये तो क्षणाक्षणाला वरखाली होतो, आणि ३०७० चं रेटिंग २२० वॅट असलं तरी काही मिलिसेकंद ते त्याच्या बरंच वर जातं. थकलेल्या एसएमपीएसला तोच झटका झेपत नाही. मग आफ्टरबर्नर या कार्डची सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्के केली आणि तोच गेम लावला, चार तास चालला. परत १०० केली, पंधरा मिनिटांत खट्. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच.

शेवटी मल्टिमीटर. मोलेक्स या चार पिनांच्या प्लगची पिवळी आणि काळी वायर, डेस्कटॉपवर ११.९२ व्होल्ट, गेम सुरू केल्यावर आकडा हळूहळू उतरत ११.३१. माझ्यासारख्या जुन्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टला पाच टक्के सूट असते, म्हणजे ११.४ च्या खाली जायला नको. पण मीटरवर आकडा बरोबर आला म्हणून एसएमपीएस चांगला असं धरू नका, मिलिसेकंदातली घसरण साध्या मीटरवर दिसतच नाही. खरी खात्री मित्राचा एसएमपीएस दोन दिवस आणून लावला तेव्हा झाली. कार्ड एकदम ठणठणीत होतं. हो, आणि दुसऱ्याचा मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा) एसएमपीएस लावताना त्याच्याच केबल वापरा, प्लग बसला तरी आतली पिनांची मांडणी वेगळी असू शकते, एसएसडी-हार्डडिस्क जळते.

आता नव्याबद्दल. साध्या कामात पंखा फिरतच नाही, गेममध्येही आवाज जाणवत नाही. कार्डला दोन वेगळ्या केबल दिल्यात, एकाच केबलचे दोन फाटे नाही, एवढं सगळ्यांनीच करा. २४ पिनची केबल कडक आहे, माझ्या छोट्या कॅबिनेटचं मागचं झाकण गुडघ्याने दाबून लावावं लागलं. किंमत टोचली, पण सात वर्षांची वॉरंटी आहे. ८० प्लस गोल्ड बघून मात्र हुरळून जाऊ नका, तो शिक्का वीज किती वाया जाते त्याचा आहे, प्रोटेक्शन आणि आतल्या मालाचा नाही.

अजून एक. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या, तो पण एसएमपीएसचाच दोष समजत होते, पण नवा लावल्यावरही येतच राहिल्या. इलेक्ट्रिशियन दादांना बोलावलं तर भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगची वायरच जोडलेली नव्हती. ती जोडून घेतली, आता काही जाणवत नाही. जुना एसएमपीएस ई-कचऱ्यात दिला, उघडला नाही. त्यातला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट धरून बसू शकतो, घरात लहान भाचा आहे.