लग्नाच्या डीजेने बीटमिक्सिंग शिकावं की गाणं नीट बदलायला?

लग्न आणि घरगुती पार्ट्या करणाऱ्या डीजेंमध्ये या प्रश्नावर दोन तट आहेत. एक म्हणतो, दोन गाण्यांचे ठेके जुळवता येत नाहीत तो डीजे कसला, तो नुसता बटणं दाबणारा. दुसऱ्याचं म्हणणं, पाहुणे ओळखीच्या गाण्यांवर नाचायला आलेले असतात, मिक्सिंगकडे लक्ष आहे कुणाचं? सरावाचे तास कुठे घालायचे हे तुम्ही ठरवत असाल, तर माझा कौल बराचसा दुसऱ्या तटाला आहे. पूर्ण का नाही, ते पुढे येईलच.

बीटमिक्सिंग म्हणजे दोन्ही गाण्यांचा वेग एक करायचा, ठोक्यावर ठोका बसवायचा, काही वेळ दोन्ही एकत्र वाजू द्यायची आणि सांधा न कळता दुसऱ्यात शिरायचं. दुसरी पद्धत साधी. पहिलं गाणं योग्य जागी तोडायचं किंवा इकोत, म्हणजे प्रतिध्वनीत, विरवून टाकायचं, आणि दुसरं सुरू करायचं.

ठेके जुळवण्याची कला क्लबात वाढली. 1970 च्या आसपास न्यूयॉर्कच्या सँक्च्युअरी क्लबात फ्रान्सिस ग्रासो दोन रेकॉर्ड जुळवून वाजवायचा. 1979 मध्ये टेक्निक्स कंपनीचा एसएल-1200 एमके2 हा रेकॉर्ड वाजवायचा टर्नटेबल आला, वेग आठ टक्क्यांनी वरखाली करणाऱ्या सरकत्या पट्टीसह. क्लबात येणारी माणसं एकाच जातीचं संगीत रात्रभर ऐकायला येतात आणि तिथली गाणी एकमेकांच्या जवळच्या वेगाची असतात. तिथे आठ टक्के पुरून उरतात. 120 बीपीएमचं (मिनिटाला 120 ठोक्यांचं) गाणं 110.4 पासून 129.6 पर्यंत कुठेही नेता येतं.

लग्नात हे गणित कोलमडतं. नवदांपत्याचं संथ गाणं 70 च्या आसपास, मग कुणीतरी 96 चं हिप-हॉप मागतं, त्यानंतर 128 चं हाऊस, म्हणजे क्लबातलं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत. 96 वरून 128 म्हणजे थेट एक तृतीयांश वाढ. सॉफ्टवेअर तेवढंही ताणून देईल, पण ते ऐकवणार नाही. सूर मोकळा ठेवला, म्हणजे वेगाबरोबर बदलू दिला, तर साधारण सहा टक्क्यांवर गाणं अर्ध्या सुराने चढतं. सूर बांधून ताणलं तर आवाज खरखरीत होतो. आणि ही गाणी लोकांना तोंडपाठ असतात, त्यामुळे गायकाचा गळा बदलला की लगेच कळतं. 70 च्या गाण्यावर 140 चं बसवायची युक्ती चालते, पण तशा जोड्या मोजक्याच.

जुनी गाणी ही आणखी वेगळी डोकेदुखी. सगळे वादक एकत्र बसून, क्लिकशिवाय (कानात वेग सांगणाऱ्या टिकटिकीशिवाय) वाजवलेल्या गाण्याचा वेग कडव्यात एक आणि ध्रुवपदात जरा जास्त असतो. सॉफ्टवेअरने एकाच वेगाने आखलेल्या बीटग्रिडवर, म्हणजे ठोक्यांच्या जागा दाखवणाऱ्या रेघांवर, ते फार वेळ टिकत नाही. ठेके आपोआप जुळवणारं सिंकचं बटण ग्रिडवर डोळे मिटून विश्वास ठेवतं, म्हणून पडद्यावर सगळं जुळलेलं दिसतं आणि स्पीकरमधून दोन ठेके घोड्याच्या टापांसारखे पुढेमागे पडताना ऐकू येतात. वॉल्ट्झ नाचाचं गाणं असेल तर ठोके जुळूनही काम होत नाही, कारण त्यात तीन मात्रा आणि पुढच्या गाण्यात चार, सम एकत्र येतच नाही.

पण माझ्या मते लांब मिश्रणाचा खरा तोटा वेगळाच आहे. 128 च्या वेगाने 32 ठोक्यांना 15 सेकंद लागतात. क्लबसाठी काढलेल्या आवृत्तीत सुरुवातीला तेवढा, बहुधा त्याहून जास्त, नुसता ताल असतो, त्यामुळे मिश्रणाला जागा मिळते. रेडिओवर वाजणाऱ्या आवृत्तीत काही सेकंदांतच गळा सुरू होतो, आणि 15 सेकंद एकत्र वाजवायची म्हटली तर दोन गायक एकमेकांच्या अंगावर ओरडतात. शिवाय लग्नात लोक ज्यासाठी खुर्चीवरून उठतात तो क्षण गाण्याच्या पहिल्या दोन सेकंदांत असतो. ओळखीची धून कानावर पडली की एक आरोळी उठते आणि माणसं फ्लोअरकडे धावतात. हळूच सरकवलेल्या मिश्रणात ती धून आधीच्या गाण्याखाली बुडते, आणि आरोळी उठतच नाही. आधीचं झटक्यात तोडून, समेवर, मोकळ्या जागेत सोडलेलं गाणं इथे कितीतरी जास्त काम करतं.

आता पहिल्या तटाचं खरं कुठे आहे? शेवटच्या तास-दीड तासात. वयस्कर मंडळी निघालेली असतात, फ्लोअर तापलेला असतो, गाणी एकमेकांपासून चार-पाच बीपीएमच्या आत असतात. अशा वेळी दोन गाण्यांमध्ये पडलेली फट म्हणजे पाणी प्यायला जाण्याचं निमित्त, आणि गेलेले सगळेच परत येत नाहीत. ठेका न तुटता पुढे जाता आलं की फक्त मुखडा आणि एक कडवं वाजवून पुढच्यात शिरता येतं. पडलेली फर्माईशही दीड मिनिटात उरकता येते. विशीतल्यांची वाढदिवसाची पार्टी असेल तर हा शेवटचा तासच पूर्ण कार्यक्रम असतो. तिथे मिक्सिंग येत नसेल तर उघडं पडायला फार वेळ लागत नाही.

बाकी संध्याकाळभर लक्ष दुसरीकडेच हवं असतं. माइकवर नावं बरोबर उच्चारणं, माइकची शिट्टी वाजू न देणं, प्रवेशाचं गाणं दार उघडतानाच सुरू होणं, लॅपटॉप अडला तर दुसरं यंत्र हाताशी असणं. जो डीजे मान हेडफोनात खुपसून ठोके जुळवत बसतो, त्याला समोरून हात हलवणारे यजमान दिसत नाहीत. चुकलेल्या मिक्सपेक्षा चुकलेलं नाव लोकांच्या जास्त लक्षात राहतं, यात मला शंका नाही.

म्हणून दोन्ही तटांच्या भांडणात जी गोष्ट मागे पडते ती आधी शिका: मोजणं. नाचाच्या बहुतेक गाण्यांत चार ठोक्यांचा एक बार आणि आठ बारांचं एक वाक्य असतं. 32 मोजून झाले की पुढच्या पहिल्या ठोक्यावर गाणं तोडलं, तर 96 वरून 128 ला मारलेली उडीही मुद्दाम केल्यासारखी वाटते. वेग फारच वेगळा असेल तर वाक्याच्या शेवटच्या ठोक्यावर इको लावा, फेडर (आवाजाची सरकती पट्टी) खाली आणा, आवाज विरत असतानाच पुढचं गाणं सोडा. त्या दोन-तीन सेकंदांत कानातला जुना ठेका पुसला जातो. प्रत्येक गाण्याच्या पहिल्या ठोक्यावर एक हॉट क्यू (बटण दाबताच गाणं तिथून सुरू करणारी खूण) आणि ध्रुवपदाच्या तोंडावर दुसरा, हे घरी बसून करायचं काम. कंटाळवाणं आहे, पण कार्यक्रमात हात आपोआप चालतो तो त्यामुळेच.

कामं मुख्यतः लग्नांची असतील तर मोजणं आणि माइक आधी, मग शेवटच्या तासासाठी पंचवीस-तीस गाण्यांची ग्रिड स्वतः तपासून सिंकवर मिश्रण. तरुणांच्या पार्ट्याच जास्त असतील तर क्रम उलटा करा, मोजणं मात्र तिथेही पहिलंच. नुसत्या कानाने जुळवणं शिकायला महिने जातात. क्लबात वाजवायचं नसेल तर ते शेवटी ठेवा, पण यादीतून काढू नका. ग्रिड चुकलेली आहे हे पाहुण्यांना कळायच्या आत हेडफोनमध्ये तुम्हाला कळायला हवं, आणि ते फक्त कानच सांगतो.