पर्सनल मॅक्रो वर्कबुक: काही महिने रोज वापरल्यावर

एक्सेलमधले रोज लागणारे मॅक्रो (ठरावीक काम आपोआप करून देणारे छोटे कोड) गेले काही महिने मी पर्सनल मॅक्रो वर्कबुकमध्ये, म्हणजे एक्सेलबरोबर आपोआप उघडणाऱ्या पर्सनल.एक्सएलएसबी या फाइलमध्ये, ठेवतोय. कुठलीही फाइल उघडली तरी ते हाताशी असतात आणि कामाची फाइल साधी, मॅक्रो नसलेली एक्सएलएसएक्सच राहते. एवढ्या सोयीसाठी मी ते मनापासून सुचवेन. फक्त हे वर्कबुक पडद्याआड उघडतं, त्यामुळे त्यात बिघाड झाला तर पटकन कळत नाही.

सगळ्यात घाबरवणारा प्रकार म्हणजे एक्सेल क्रॅश झाल्यावर ऑल्ट-एफ८ने उघडणारी मॅक्रोंची यादी रिकामी दिसणं. सगळं पुसलं गेलं असं वाटतं, पण सहसा तसं नसतं. क्रॅशनंतर एक्सेल कधीकधी याच फाइलवर संशय घेऊन ती बंद करून ठेवतं. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स असं जायचं, खाली मॅनेजमध्ये 'डिसेबल्ड आयटम्स' निवडून गो दाबायचं. तिथे पर्सनल.एक्सएलएसबी दिसली तर एनेबल करून एक्सेल पुन्हा सुरू करायचं. घाईघाईने नवा मॅक्रो रेकॉर्ड करण्याआधी हे बघाच. तिथे नसेल तर एक्सएलस्टार्ट फोल्डर (यातल्या फाइली एक्सेल सुरू होताना आपोआप उघडतात) उघडून फाइल जागेवर आहे का ते तपासायचं.

मॅक्रो यादीत आहे पण चालवला की काहीच घडत नाही, हा दुखण्याचा दुसरा प्रकार. कोडमध्ये 'धिसवर्कबुक' लिहिलेलं असेल तर मॅक्रो लपलेल्या पर्सनल फाइलवरच काम करतो. समोरच्या फाइलसाठी 'अ‍ॅक्टिव्हवर्कबुक' हवं. मोठ्या शीटवर 'ओव्हरफ्लो' ही एरर येऊन मॅक्रो थांबत असेल तर कोडमध्ये ओळी मोजणारा व्हेरिएबल कुठल्या प्रकारचा आहे ते बघा. इंटिजर या प्रकाराची मर्यादा ३२,७६७ आहे, शीटमध्ये ओळी १०,४८,५७६. तिथे लाँग हा मोठे आकडे मावणारा प्रकार करायचा. कोडची नेमकी कुठली ओळ अडतेय ते कोडच्या एडिटरमध्ये एफ८ने एकेक पाऊल चालवून सापडतं. मला तरी याहून भरवशाची पद्धत मिळालेली नाही.

एक उणीव खरंच खटकते: मॅक्रोने शीट बदललं की आधीचं अनडू जातं. म्हणून चालवण्याआधी फाइल सेव्ह करायची. शिवाय प्रत्येक मॉड्यूल (मॅक्रोंचा कोड असलेला भाग) बीएएस फाइल म्हणून एक्सपोर्ट करून वेगळं ठेवा. तो साधा मजकूर असतो, कुठेही उघडतो.

मॅक्रो दुसऱ्यांनाही वापरायचे असतील तर मात्र हे वर्कबुक कामाचं नाही. तिथे मॅक्रो सोबत ठेवणारी एक्सएलएसएम फाइलच द्यायची. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो २०२२पासून मुळातच अडवले जातात, तेव्हा फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक' करायलाही सांगा, पण फाइल कुणाकडून आली याची खात्री असेल तरच.