लेआउटवरचा ट्रॅक डे: गाडीवाल्यांची काळजी आहे, झेंडीवाल्यांची नाही

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागात, वणीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, घरांचे प्लॉट पाडलेल्या, पण अर्धवटच विकल्या गेलेल्या एका मोठ्या लेआउटच्या डांबरी रस्त्यांवर हिवाळ्यातल्या काही रविवारी हौशी मोटारचालकांसाठी ‘ट्रॅक डे’ भरवला जातो. ही शर्यत नाही, असे आयोजक आधीच बजावतात आणि ते खरेही आहे. येथे वेळ मोजली जात नाही, क्रमांक काढले जात नाहीत आणि बक्षीसही नसते. स्वतःची गाडी घेऊन यायचे, गाडीमागे साडेतीन हजार रुपये भरायचे आणि आपल्या पाळीत पंधरा मिनिटे बंद रस्त्यावर ती मनासारखी पळवायची, एवढाच हा प्रकार आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यापासून आमच्या भागातल्या अनेक तरुणांनी आपली वेगाची हौस तिथे भागवायला सुरुवात केली. ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असलेल्या त्या रस्त्यावर इतरांचे जीव धोक्यात घालण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जानेवारीतल्या एका रविवारी मी गाडी घेऊन गेलो होतो. गाडी चालवण्याचा आनंद मिळतो की नाही, हे सांगायला फारसे शब्द लागत नाहीत: मिळतो, आणि भरपूर मिळतो. प्रश्न सुरक्षिततेचा आहे आणि पुढचे सर्व लिखाण त्याविषयीच आहे.

आधी चांगले ते सांगतो. गाड्यांची तपासणी मनापासून केली जाते. चाकांचे नट पान्याने घट्ट करून पाहिले जातात, टायरच्या बाजू हात फिरवून तपासल्या जातात, बॅटरी हलत नाही ना हे पाहिले जाते आणि ओढून काढण्याची वेळ आलीच तर धावपळ होऊ नये म्हणून पुढचा टो हुक आधीच बसवून घ्यायला लावतात. ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, हा प्रश्न प्रत्येकाला विचारला गेला. तो योग्यच आहे, कारण हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे तेल सुमारे २०५ अंश सेल्सिअसला उकळते, परंतु त्यात पाणी मुरल्यावर तोच आकडा १४० च्या आसपास येतो. बाजारहाटाच्या वापरात हे कधी कळतही नाही. मात्र एकामागून एक वळणांवर जोरात ब्रेक दाबले की तेलात वाफ धरते, पेडल मऊ पडून खाली जाते आणि गाडी थांबत नाही. गाडीतल्या सर्व सुट्या वस्तू बाहेर काढायला लावतात. घरंगळत आलेली पाण्याची बाटली ब्रेकच्या पेडलखाली अडकणे हा धोका हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डॅशबोर्डवरची गजानन महाराजांची पितळी मूर्ती काढायला एक गृहस्थ काही केल्या तयार होईनात, तेव्हा तपासणाऱ्या मेकॅनिकने ती हातात घेऊन कपाळाला लावली, आपल्या शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाला, “महाराज आज माह्यासंग राहतीन, तुमी बेल्ट लावा.” इतक्या नेमक्या सौजन्याने केलेली तपासणी मी मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरमध्येही पाहिलेली नाही.

गाड्या सुटण्यापूर्वीचे ब्रीफिंग मराठीत आणि समजेल असे होते. पुढची गाडी फक्त सरळ पट्ट्यावर आणि तिच्या चालकाने इंडिकेटर देऊन वाट दिल्यावरच ओलांडायची, पहिल्या दोन फेऱ्या आयोजकांच्या गाडीमागे रांगेने घ्यायच्या, लाल झेंडी दिसली की वेग कमी करून सुरुवातीच्या जागी परतायचे, हे सर्व नीट सांगितले गेले. हेल्मेट सक्तीचे आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांना आयोजक आयएसआय शिक्क्याचे, म्हणजे आयएस ४१५१ या मानकाचे हेल्मेट देतात. हे मानक दुचाकीस्वारांसाठी आहे. स्नेल या अमेरिकी संस्थेच्या, मोटार शर्यतींसाठीच्या एसए वर्गातल्या हेल्मेटची आगीतही परीक्षा होते, तशी याची होत नाही. तरीही बंद मोटारीत, कारखान्यातून आलेला पट्टा आणि एअरबॅग शाबूत असताना, या वेगाला पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट निभावून नेईल. आयोजकांच्या साठ्यात मात्र अर्धी हेल्मेटे हनुवटी उघडी ठेवणारी होती.

आता जागेकडे वळतो. लेआउटचे रस्ते रुंद आणि गुळगुळीत आहेत, पण ते घरांसाठी आखलेले आहेत. कडेपासून पाच-सहा मीटरवर विजेचे खांब आहेत, वाळलेल्या गवतात प्लॉटच्या हद्दीचे सिमेंटचे दगड दडलेले आहेत आणि दोन ठिकाणी गटाराची उघडी चेंबरे आहेत. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. म्हणजे गाडी डांबर सोडून तिरपी निघाली, तर चालकाला काय घडते आहे हे उमगण्याआधीच खांब गाठला जातो. सरळ पट्ट्याच्या शेवटी माझ्या गाडीचा काटा नव्वदला टेकत होता. त्यात जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात फुगणारी ही माती हिवाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. आडवी घसरत आलेली गाडी अशा भुसभुशीत, भेगाळलेल्या मातीत एका बाजूच्या चाकांनी रुतली की ती थांबत नाही, उलटते. डांबरावर गोल फिरून निभावली असती ती चूक मातीत टपावर जाते. आयोजकांनी खांबांना जुन्या टायरांचे ढीग लावले आहेत, परंतु ते टायर एकमेकांना बांधलेले नाहीत. सुटा ढीग आदळणाऱ्या गाडीला थोपवत नाही. तो फुटतो आणि एखादा टायर माणसाच्या अंगावर उडवतो. चांगल्या ट्रॅकवर टायर बोल्टने एकमेकांना जखडतात आणि समोरून कन्व्हेअर बेल्टचे आवरण देतात. वणी-चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात जुना कन्व्हेअर बेल्ट भंगारात मिळतो आणि लोक तो गोठ्यात अंथरतात, तेव्हा अडचण मालाची किंवा खर्चाची असावी असे दिसत नाही.

सर्वांत मोठी उणीव मात्र झेंडीवाल्यांच्या बाबतीत आहे. जवळच्या गावातली मुले पाचशे रुपये रोजीने आणलेली होती आणि वळणावळणावर एकेकटी उभी केली होती. त्यांतला एक तर अठरा वर्षांचा नसावा असे वाटले. पाळ्यांच्या मध्ये मी पायी फिरून सर्व जागा पाहिल्या. सर्वांत वेगवान वळणावरचा मुलगा वळणाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे ताबा सुटलेली गाडी जिथे जाऊन पडणार नेमक्या त्याच जागी, पायात चपला आणि तोंडाला दुपट्टा बांधून उभा होता. त्याच्या पुढे काहीही नव्हते आणि मागे हद्दीचा गुडघाभर उंच दगड होता, म्हणजे पळायची वेळ आली तर अडखळायची सोय. “आमाले इथंच उभं राहाले सांगतलं, भाऊ, इथून सगळं दिसते,” असे तो म्हणाला. दिसत होते हे खरे, पण तो मात्र चालकाला दिसत नव्हता: ‘पुढे धोका, सावकाश’ असे सांगणारी, उन्हाने विटलेली पिवळी झेंडी वाळलेल्या पिवळ्या गवतापुढे धरली तर नव्वदच्या वेगाने येणाऱ्याला ती कशी दिसावी? त्याच्या अंगावर चकाकत्या पट्ट्यांचे पॉलिस्टरचे जाकीट होते. रस्त्यावरच्या कामाला ते उत्तम आहे, परंतु पेटलेल्या गाडीजवळ जायची वेळ आली तर पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते. कापसाच्या मुलखात पोरांच्या अंगावर जाड सुती, पूर्ण बाह्यांचा सदरा चढवायला कुणाची हरकत असणार होती, हे मला कळले नाही.

झेंडीचे काम एकट्याचे नसते, हेही येथे कुणाला माहीत असावे असे दिसले नाही. प्रत्येक जागी दोघे असावेत, एकाने येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून राहावे आणि दुसऱ्याने पुढच्या पट्ट्यावर काय झाले ते पाहावे. गाड्या धावत असताना दोघांची पाठ एकाच वेळी रस्त्याकडे कधीही होता कामा नये. उभे राहायची जागा वळणाच्या अलीकडे आणि आडोशामागे हवी, आणि मागे हटायला मोकळी वाट हवी. वॉकीटॉकी फक्त आयोजक आणि सुरुवातीच्या जागेवरचा माणूस यांच्याकडे होते. मुलांनी मोबाइलवरून कळवायचे होते, आणि त्या भागात नेटवर्क मिळण्यासाठी लोक टेकाडावर जातात.

याचा परिणाम दुपारी दिसला. एक गाडी वळणावर फिरून मातीत रुतली. चालकाला काही झाले नव्हते. झेंडीवाल्याने पिवळी झेंडी हलवली, मागच्या गाड्यांनी वेग थोडा कमी केला, आणि फेऱ्या चालू असतानाच आयोजकांचा ट्रॅक्टर आडवा आत शिरला. दोन मुले टो हुकला दोर बांधायला ट्रॅक आणि गाडी यांच्या मध्ये, रस्त्याकडे पाठ करून वाकली. मी तेव्हा फेरीत होतो आणि ट्रॅक्टर मला वळण अर्धे घेतल्यावर दिसला. यात काय होऊ शकते, यासाठी कल्पनाशक्ती ताणायची गरज नाही. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी जपानमधल्या सुझुका येथे फॉर्म्युला वन शर्यतीत पावसात घसरलेली एक गाडी उचलण्यासाठी क्रेन आत आली होती. पिवळ्या झेंड्या हलत होत्या आणि तरीही ज्यूल्स बियांकी हा चालक त्याच वळणावर घसरून त्या क्रेनवर आदळला. पुढच्या जुलैत तो गेला. त्यानंतर, २०१५ पासून, अशा वेळी सर्व गाड्यांना ठरवून दिलेल्या मंद वेगाने चालायला लावणारी व्यवस्था आली. ट्रॅकवर काम करणाऱ्यांचा इतिहास तर याहून कडू आहे. २००० साली मोंझाला आणि २००१ साली मेलबर्नला सुटून उडालेल्या चाकाने एकेका मार्शलचा, म्हणजे ट्रॅकवरच्या सुरक्षा कर्मचाऱ्याचा, जीव घेतला, आणि २०१३ साली माँट्रियलला शर्यत संपल्यानंतर, बंद पडलेली गाडी हलवत असताना, एक मार्शल उचलणाऱ्या वाहनाखालीच सापडला. जिथे पैसा, डॉक्टर आणि शिकवून तयार केलेली माणसे यांची वाण नाही तिथे हे घडले. आपल्याकडे तर साधा नियम पुरेसा आहे: ट्रॅक्टर किंवा माणूस आत जायचा असेल तर लाल झेंडी, सर्व गाड्या थांबलेल्या, मगच काम. पंधरा मिनिटांच्या पाळीतली पाच मिनिटे गेली तर कुणाचे काही बिघडत नाही.

बघ्यांचा प्रश्न आमच्या भागात वेगळाच आहे. शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीची, सवय असलेली माणसे धावपट्टीच्या दोन्ही अंगांना भिंतीसारखी उभी राहतात, आणि दुपारनंतर गावातून दुचाक्यांवर आलेली मंडळी येथेही तशीच उभी राहिली. पटात जोडी सरळ धावते आणि काही सेकंदांत खेळ संपतो; येथे गाड्या वळतात आणि गर्दी नेमकी वळणाच्या बाहेरच्या अंगाला जमते, कारण तिथून मजा जास्त दिसते. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, राज्याने २०१७ मध्ये कायदा केला, २०२१ च्या डिसेंबरात शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. त्या साऱ्या वादातून जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि हजार मीटरपर्यंतची धावपट्टी असे लेखी नियम तयार झाले. बैलांसाठी का होईना, पटाला नियम मिळाले. या लेआउटवर मात्र बघ्यांना आवरायला एक सुतळी आणि एक भोंगा होता.

रुग्णवाहिकेच्या बाबतीत आयोजकांना पूर्ण गुण द्यायला हवेत. खाजगी रुग्णवाहिका प्राणवायू आणि परिचारकासह दिवसभर उभी होती आणि ती जागेवर नसेल तर गाड्या सुटणार नाहीत, हा नियम त्यांनी पाळला. १०८ ची गाडी सर्वांसाठी असते, ती आपल्या हौसेसाठी गृहीत धरणे बरोबर नाही, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. यवतमाळचे असो वा चंद्रपूरचे, लेआउटवरून मोठे रुग्णालय तासाच्या आत गाठणे कठीण, म्हणून हे महत्त्वाचे आहे. अग्निशामक मात्र सर्व एकाच ठिकाणी, मंडपात होते. त्यांच्या दाबाचे काटे हिरव्या पट्ट्यात होते आणि पिनेवरचे प्लॅस्टिकचे सील शाबूत होते, पण ते कसे चालवायचे हे एकाही झेंडीवाल्याला दाखवलेले नव्हते.

विम्याबद्दल दोन शब्द. चालकांकडून ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असा इंग्रजी अर्ज भरून घेतात. आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो, आणि ट्रॅक डेलाही ते कलम लावले जाईल असे धरूनच यावे. म्हणजे गाडी ठोकली तर खर्च खिशातून. चालक हे समजून-उमजून येतो. रोजीच्या मुलांकडून कसलाच कागद घेतलेला नव्हता आणि त्यांचा विमाही काढलेला नव्हता. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अठरा ते सत्तर वर्षे वयाच्या कुणालाही बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघात संरक्षण मिळते. निदान ते आहे की नाही, एवढे तरी विचारता आले असते.

जेवणाच्या वेळी हे सर्व मी आयोजकांच्या कानावर घातले. ते चिडले नाहीत. उघडी चेंबरे झाकायचे आणि मुलांना वॉकीटॉकी द्यायचे त्यांनी मान्य केले, टायर बांधण्याबद्दल “पाहतो” म्हणाले, आणि लाल झेंडीबद्दल त्यांचे म्हणणे असे, की वारंवार थांबवले तर पैसे भरून आलेले लोक कुरकुर करतात. शुल्क चार हजार केले आणि पाळी दहा मिनिटांची केली तरी माझी तक्रार नाही. ज्यांना स्वतःच्या गाडीचे ब्रेक आणि स्वतःचा संयम ओळखायचा आहे, त्यांनी थंडीत, सकाळच्या पाळीत जावे. बघे येण्याआधीचे दोन तास सर्वांत बरे. पुढच्या नोंदणीच्या वेळी मी पैसे भरण्याआधी फोनवर दोनच गोष्टी विचारणार आहे: त्या वेगवान वळणावरचा मुलगा आता कुठे उभा राहतो, आणि ट्रॅक्टर आत शिरताना कोणती झेंडी दाखवतात.