तारीख की नाक?

खाण्याची वस्तू अजून चांगली आहे का हे ठरवताना आईचा विश्वास नाकावर, माझा पाकिटावरच्या तारखेच्या छापावर. खरं तर छापही दोन प्रकारचे असतात. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे चव, कुरकुरीतपणा तोवर उत्तम. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ म्हणजे त्यानंतर खाऊच नका. भारतात 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार दुसरी तारीख सक्तीची, पहिली ऐच्छिक.

रवा, डाळी, मसाले यांत मी आईच्या बाजूने. डब्यात पोरकिडे झाले की तारखेला सहा महिने बाकी असले तरी काय उपयोग? शेंगदाणे खवट झाले की जिभेला लगेच कळतं. (बुरशी आलेले मात्र निवडत बसू नका, सगळेच टाका. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, भाजूनही पूर्ण जात नाही.)

दूध, पनीर, मांस यांत नाक फसतं. लिस्टेरियासारखे जंतू फ्रिजमध्येही वाढतात आणि वास अजिबात येत नाही. इथे तारीखच खरी, तीही पाकीट बंद आणि फ्रिज 5 अंशांखाली असेल तरच. दुपारभर वीज गेली की ती तारीख विसरा. पाकीट फोडलं की पनीर तर दोन-तीन दिवसांत संपवायचं, छाप काहीही म्हणो.

लोणच्याच्या बरणीवर आमच्याकडे तारीख नसतेच. ओला चमचा कोणी घातला, एवढीच चौकशी होते.