स्क्रॅचवर पहिला प्रकल्प: गोष्ट करावी की गेम?

स्क्रॅच म्हणजे ब्लॉक एकमेकांना जोडून प्रोग्रॅम करायचं मुलांसाठीचं साधन. त्यात आधी काय करायचं, असं मुलांना विचाराल तर उत्तर ठरलेलं आहे: गेम! तरीही ८-९ वर्षांच्या, पहिल्यांदाच स्क्रॅच उघडणाऱ्या मुलाने आधी गोष्ट करावी, असं मला ठामपणे वाटतं.

‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ घ्या. म्हातारी, वाघ, कोल्हा आणि भोपळा, असे चार स्प्राइट, म्हणजे पडद्यावरची पात्रं. भोपळा मुलानेच पेंट एडिटरमध्ये काढावा, संवाद घरच्यांच्या आवाजात रेकॉर्ड करावेत. आजीला म्हातारी करा, फार मजा येते. पहिल्या तासाभरात काहीतरी हलतं, बोलतं. खरी अडचण पुढे येते: कोणी कधी बोलायचं? मुलं आधी ‘वेट’ (थांबा) ब्लॉकमध्ये सेकंद मोजून भरतात. मग म्हातारीचं एक वाक्य वाढवलं की वाघ मध्येच बोलू लागतो. इथे ब्रॉडकास्ट दाखवायचा: म्हातारीचं बोलणं संपलं की तिने संदेश सोडायचा, तो मिळाला की वाघाने बोलायचं. हे मुलाला पटकन उमगतं, कारण गोष्ट त्याला पाठ असते आणि काय चुकलं ते ऐकूनच कळतं.

गेममध्ये मात्र सगळं एकदम अंगावर येतं. वरून पडणारे आंबे टोपलीत झेलायचे, एवढा साधा गेम. त्यालाही फॉरएव्हर (सतत करत राहा), इफ (असं झालं तर), गुण साठवायला व्हेरिएबल आणि पडद्यावरची जागा सांगणारे निर्देशांक लागतात. स्क्रॅचचा स्टेज, म्हणजे पात्रं वावरतात तो पडदा, ४८० बाय ३६०, शून्य मधोमध. म्हणजे डावीकडे आणि खाली ऋण संख्या. त्या शाळेत झाल्या नसतील तर मूल अडखळतं. शिवाय आंबा टोपलीला लागताच वर पाठवला नाही, तर एकाच आंब्याचे गुण वाढतच राहतात. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ही चूक शोधताना भलताच आनंद होतो. लहानगं रडकुंडीला येतं. म्हणून मोठ्या मुलाने हट्टच धरला तर थेट गेम करू द्या.

५ ते ७ वर्षांच्या भावंडासाठी स्क्रॅच ज्युनिअर, म्हणजे लहान मुलांसाठीचं सोपं ॲप, बरं. ब्लॉकवर चित्रं असतात, त्यामुळे वाचता येण्याची गरज नाही. एका प्रकल्पात चारच पानं मिळतात, छोट्या गोष्टीला तेवढी पुरतात.

पडद्यापेक्षा हातात धरायच्या वस्तूंत रमणाऱ्या मुलासाठी मायक्रोबिट हा छोटासा संगणक-बोर्ड आहे: २५ एलईडी दिवे, दोन बटणं, हालचाल ओळखणारा सेन्सर. हलवला की आकडा दाखवणारा फासा मोजक्या ब्लॉकमध्ये होतो. स्क्रॅच फुकट आहे, मायक्रोबिटचा बोर्ड विकत घ्यावा लागतो. पण मायक्रोबिटचे ब्लॉक जिथे जोडायचे त्या मेककोड संकेतस्थळावर, पडद्यावरच्या मायक्रोबिटवर फासा आधी चालवून बघता येतो. मूल तिथे रमलं तरच पैसे घाला.