काळा मासा घ्यायचाय: मरळ की मांगूर?

सोलापुरात नुसतं ‘काळा मासा द्या’ म्हटलं की हातात मरळही पडते आणि मांगूरही. दोन्ही गोड्या पाण्यातले, दोन्ही हवेतून श्वास घेणारे, म्हणून टोपल्यात तासन्‌तास जिवंत राहतात. मात्र भाव आणि चव यांत मोठा फरक आहे.

ओळख सोपी आहे. मरळीचं डोकं सापासारखं चपटं, अंगावर खवले, मिशा नाहीत. मांगुराला खवले नाहीत, कातडी बुळबुळीत, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या. तुकडे केल्यावर विचारून उपयोग नाही. अख्खा मासा बघूनच घ्या.

भाव: मरळ बरीच महाग, त्यात डोकं जड, वजनात ते जातं. मांगूर स्वस्त.

साफसफाई: मरळीचे खवले घट्ट बसलेले असतात, शेपटीकडून डोक्याकडे खरवडा. मांगुराला जाड मीठ चोळून बुळबुळ काढावी लागते. कल्ल्यामागच्या दोन काट्यांना जपा, टोचले की बोट ठणकतं.

शिजणं: मरळ घट्ट, रश्श्यात फुटत नाही. मांगूर मऊ, तेलकट. मीठ-हळद-लिंबू लावून अर्धा तास ठेवला नाही तर चिखलाचा वास राहतो.

आणखी एक, आणि हे महत्त्वाचं: मोठा, अंगावर डाग असलेला मांगूर बहुधा परदेशी जातीचा असतो. तो पाळायला, विकायला बंदी आहे. तो इतर मासे फस्त करतो. उजनीसारख्या जलाशयात सुटला तर तिथल्या माशांचं नुकसान ठरलेलं. तो स्वस्तातही घेऊ नका.

लहान मुलं, आजारी माणूस किंवा पाहुणे असतील तर मरळ. झणझणीत काळ्या मसाल्याचा रस्सा कमी पैशांत हवा असेल, तर लहान देशी मांगूर.